हायफिल्ड रोडसुद्धा आपलंच होतं : कॉव्हेंट्रीतल्या मराठी फुटबॉलवेड्यांना खुलं पत्र

स. न. वि. वि.

मंडळी,

गेल्या दिवाळीत फराळाला जमलो होतो तेव्हा आपल्यात जे वाजलं, ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र. तिथे मला बोलू दिलं नाहीत. आता निदान वाचा.

सुरुवात साधीच होती. पुण्याहून दोन वर्षांपूर्वी गाड्यांच्या कंपनीत आलेला आपल्यातला एकजण चिवड्याची वाटी हातात घेऊन म्हणाला, "ऑगस्टमध्ये स्टेडियम आपल्या मालकानेच विकत घेतलं. आता कसलं भाडं आणि कसलं काय, विषय संपला!" खरंच आनंदाची गोष्ट होती. २००५ पासून परक्याच्या घरात राहणाऱ्या आपल्या क्लबला, कॉव्हेंट्री सिटीला, २०२५ च्या ऑगस्टमध्ये हक्काचं छप्पर मिळालं. टाळ्या पडल्या. आपले काका मात्र, १९८७ ला क्लबने एफए कप जिंकला तेव्हा वेम्बलीवर हजर असलेले आपल्यातले एकमेव, चहाचा कप खाली ठेवून क्लबच्या जुन्या मैदानाबद्दल एवढंच म्हणाले, "हायफिल्ड रोडसुद्धा आपलंच होतं रे."

आणि पेटलं. एक बाजू म्हणे जुन्या मालकांनी, त्या लंडनच्या हेज फंडवाल्यांनी, वाटोळं केलं. दुसरी बाजू म्हणे कौन्सिलने, म्हणजे इथल्या महापालिकेने, केलं. बारा-तेरा वर्षांपूर्वीचं भांडण काल झाल्यासारखं. ताटं उचलायला आलेल्या वहिनी शेवटी म्हणाल्या, "आधी करंज्या तरी संपवा." काकांच्या वाक्याचं काय झालं, ते कुणीच विचारलं नाही.

मला त्या वाक्याबद्दलच बोलायचंय.

आपल्यातले बरेच जण २०१८ नंतर आलेत. तुम्ही पाहिली ती चढती कमान: २०२३ ची पहिल्या श्रेणीत जाण्यासाठीची प्लेऑफ फायनल, २०२४ ला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ३-० ने मागे पडून ३-३ केलेली एफए कपची उपांत्य फेरी. दोन्ही वेळा पेनल्टीवर हरलो, तरी मान वर होती. त्याआधीचं तुम्ही ऐकीव जाणता, आणि ऐकीव गोष्टीत एक खलनायक लागतोच. मी २०११ ला आलो. मला खलनायक हवा होता, मीही बराच काळ शोधला. मग एका हिवाळ्यात कंटाळून क्लबची आणि स्टेडियम कंपनीची जुनी हिशेबपत्रकं वाचली. इथे कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात, हे तुमच्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

तर, हायफिल्ड रोड. १८९९ पासून क्लबचं मैदान. १९८१ ला इंग्लंडमधलं पहिलं सर्वत्र खुर्च्या असलेलं स्टेडियम, ते हेच. १९६७ ते २००१ अशी सलग ३४ वर्षं पहिल्या श्रेणीतला फुटबॉल इथे खेळला गेला. या मैदानावर भाडं नव्हतं. मग क्लब कर्जात गेला आणि ते एका घरं बांधणाऱ्या कंपनीला विकलं. विकल्यावर तिथेच भाड्याने खेळत राहिला, नवं बांधून होईपर्यंत. शेवटचा सामना एप्रिल २००५ ला, डर्बीविरुद्ध ६-२. आज तिथे घरं आहेत.

नवं स्टेडियम शहराच्या उत्तरेला, जुन्या गॅसवर्क्सच्या जागेवर उभं राहिलं. साधारण सव्वाअकरा कोटी पौंडांचा खर्च, ३२ हजारांवर आसनं, शिवाय प्रदर्शनाचं दालन, हॉटेल, कॅसिनो. त्याला जॅग्वारचं नाव लागायचं होतं. ब्राउन्स लेनच्या कारखान्यात गाड्या जोडण्याचं काम बंद करायचं ठरलं आणि २००४ च्या डिसेंबरात जॅग्वारने माघार घेतली, म्हणून रिको या जपानी कंपनीचं नाव लागलं. आपण ज्या धंद्यामुळे या गावात आलो, त्याची सावली या गोष्टीवरही आहे, ती अशी.

आता लक्ष देऊन वाचा. स्टेडियम चालवणारी जी कंपनी होती, तिच्यात निम्मा वाटा कौन्सिलचा आणि निम्मा क्लबचाच ठरलेला होता. पैशाची चणचण होती म्हणून क्लबने आपला निम्मा वाटाही एका स्थानिक धर्मादाय संस्थेला, हिग्ज चॅरिटीला, विकून टाकला. म्हणजे दार उघडण्याआधीच घरमालकाचे भाडेकरू झालो. भाडं वर्षाला बारा-तेरा लाख पौंड. आणि सामन्याच्या दिवशी तुम्ही जी पेस्ट्री खाता, जी बिअर पिता, गाडी लावायचे जे पैसे देता, त्यातलं क्लबच्या गल्ल्यात काही पडत नसे. आमच्या पेठेत याला म्हणतात, मंगल कार्यालय भाड्याने घ्यायचं, केटरिंग मालकाचं, आहेरही मालकाचा.

हे सगळं हेज फंडवाले येण्याआधी ठरलेलं आहे. २००७ च्या डिसेंबरात सिसू कंपनीने क्लब घेतला, तेव्हा तो बुडायच्या बेतात होता. सिसूची वकिली करायला मी बसलेलो नाही. त्यांच्या काळात जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. पण करारावरची शाई त्यांची नव्हती.

एप्रिल २०१२ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला आणि त्याच सुमारास भाडं भरणं बंद झालं. क्लबचं म्हणणं, या श्रेणीत एवढं भाडं कुणी देत नाही. खरंच देत नसे. स्टेडियम कंपनीचं म्हणणं, सही केलीत ना, मग भरा. तेही खरंच. पुढे कंपनी चार लाखांपर्यंत खाली यायला तयार झाली होती, तरी मिटलं नाही. जानेवारी २०१३ मध्ये कौन्सिलने स्टेडियम कंपनीला १ कोटी ४४ लाख पौंडांचं कर्ज देऊन तिचं बँकेचं देणं भागवलं. त्यावर क्लबचे मालक कोर्टात गेले, २०१४ ला हरले, अपिलात २०१६ ला पुन्हा हरले. मधल्या काळात क्लबची कंपनी प्रशासकाच्या हाती गेली, १० गुण कापले, पुढच्या हंगामात आणखी १०.

इथे माझं थोडं घरगुती सांगतो. माझं लहानपण पुण्यात, पेठेतल्या एका वाड्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं. भाडं पस्तीस रुपये. मालकांना आम्ही जायला हवे होतो, आणि आम्हाला जायला दुसरं घर नव्हतं. मालक भाडं हातात घेईनात. वडील दर महिन्याच्या पाच तारखेला मनीऑर्डर करत आणि ती 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत येई. परत आलेले ते कागद वडील सुतळीने बांधून ट्रंकेत ठेवत, कोर्टात दाखवायला. बारा वर्षं दावा चालला. जिन्याच्या खालून तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या फळ्या निखळल्या होत्या. मालक म्हणे राहणाऱ्यांनी करावं, आम्ही म्हणायचो मालकाचं काम. त्या पायऱ्यांवरून माझी आजी पडली. दोन्ही बाजूंच्या वकिलांना त्या जिन्याचं काही नव्हतं.

२०१३ च्या हंगामात क्लब नॉर्थॅम्प्टनला गेला. ३५ मैल. म्हणजे पुण्याच्या क्लबने लोणावळ्याला जाऊन त्याला घरचा सामना म्हणावं, तसं. तिथलं सिक्सफील्ड्स मैदान साडेसात हजारांचं, आणि आमची सरासरी उपस्थिती दोन हजार तीनशेच्या आसपास. तेव्हा आमच्यात तीन तट पडले. काही म्हणत, मालकांच्या खिशात एक पेनी टाकणार नाही. काही म्हणत, मालक येतील जातील, पोरं मैदानावर उतरताहेत त्यांना एकटं सोडायचं नाही. आणि तिसरे तिथवर जायचे, पण तिकीट न काढता स्टेडियमबाहेरच्या टेकाडावर उभे राहायचे. त्या टेकाडाला लोकांनी जिमीज हिल म्हणायला सुरुवात केली. जिमी हिल म्हणजे क्लबला आकाशी निळा रंग आणि पहिली श्रेणी देणारा माणूस, त्याच्या आडनावावरचा हा विनोद. विनोद मरत नाही, हे या गावाचं मला आवडतं.

मी एकदा गेलो त्या टेकाडावर. नोव्हेंबर असावा. गवत ओलं, बुटात पाणी. मैदानाचा एक भाग दिसायचा, बाकीचं आतल्या ओरड्यावरून ताडायचं. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ, गळ्यात इतका जुना मफलर की निळा आता राखाडी झालेला. त्यांनी थर्मासमधला चहा मला झाकणात ओतून दिला. त्यांचा मुलगा आत होता. तिकीट काढून. दोघं एकाच गाडीतून आले होते, आणि येताना एकमेकांशी बोलले नव्हते. सामना संपल्यावर ते पार्किंगकडे उतरले, मुलगा गाडीला टेकून उभा होता. "किती झाले?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं किती झाले ते.

दिवाळीत तुम्ही 'मालकांचे' आणि 'कौन्सिलचे' असे दोन गट करून तावातावाने बोलत होता ना, तेव्हा मला ते दोघं आठवत होते.

पुढचं सगळं तर कुणी नाटकात लिहिलं असतं तर ओढूनताणून वाटलं असतं. ५ सप्टेंबर २०१४, शुक्रवारची रात्र, क्लब आपल्या गावात परतला. गिलिंगहॅमविरुद्ध १-०, आणि तिसऱ्या श्रेणीच्या त्या सामन्याला २७ हजारांहून जास्त माणूस. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई राष्ट्रगीताला उभं राहावं तशी पूर्ण नव्वद मिनिटं उभी होती. आता भाडंही पहिल्याच्या मानाने किरकोळ. म्हटलं, सुटलो. महिनाभरात बातमी आली की स्टेडियम कंपनी वास्प्स या रग्बी क्लबला विकली. कौन्सिलचा वाटाही आणि चॅरिटीचाही. भाडेपट्टा २५० वर्षांपर्यंत वाढवून. जमीन कौन्सिलची राहिली, किल्ल्या वास्प्सकडे. लंडनचा रग्बी क्लब, तोवर वायकोंबला खेळणारा, रातोरात आमचा घरमालक झाला.

आणि या घरमालकाचं काय झालं? हा भाग तुम्ही कुणीच बोलत नाही. वास्प्सनी स्टेडियम हाताशी आलं म्हणून त्याच्या जोरावर साडेतीन कोटी पौंडांचे रोखे काढले, सामान्य लोकांनी ते घेतले, २०२२ ला परतफेड करायची होती. झाली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये वास्प्स बुडाले. अख्खा क्लब. स्टेडियमची मालकी, हॉटेल, कॅसिनो, प्रदर्शनं, सामन्याच्या दिवसाची बिअर, सगळं त्यांच्याच ताब्यात असूनही बुडाले.

म्हणजे भाडेकरू मेटाकुटीला आला कारण भाडं परवडेना, आणि घरमालक बुडाला कारण घर परवडेना. मग या इमारतीत नेमकं सोनं होतं तरी कुठे? वर्षातले पंचवीसेक दिवस भरणारी ही वास्तू. ती भरते ती फुटबॉलने. क्लब गेला की ती गॅसवर्क्सच्या जागेवरची एक मोठी शेड आहे, आणि ती गेली की क्लब म्हणजे रंगीत शर्ट घालून दुसऱ्याच्या दारात उभी अकरा माणसं. एकमेकांवाचून दोघांनाही किंमत नाही, हे दहा वर्षं दोन्हीकडच्या हिशेबनिसांना दिसलं नाही, किंवा दिसलं आणि प्रत्येकाने समोरचा आधी वाकेल म्हणून वाट पाहिली.

त्या वाट पाहण्यात २०१९ ते २०२१ आम्ही आणखी दोन हंगाम बर्मिंगहॅमला सेंट अँड्र्यूजवर काढले. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यातल्या पहिल्याच हंगामात आपण तिसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवलं. आणि त्याआधी, २०१७ ला, चौथ्या श्रेणीत कोसळलो होतो ते स्वतःच्या गावात खेळताना. तेव्हा गाव सोडलं की फुटबॉल बिघडतो, असा सोपा नियम मी सांगणार नाही. बिघडतं ते वेगळं. आठ वर्षांचं पोर बापाचा हात धरून चालत सामन्याला जातं, ते बंद होतं. तसं दोन-तीन वर्षं गेलं की ते पोर टीव्हीवरच्या लिव्हरपूलचं होतं. आपल्याच घरात बघा.

परतल्यावरही सुख नव्हतं. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतली रग्बी सेव्हन्स तीन दिवस या मैदानावर झाली आणि गवताची इतकी माती झाली की हंगामाच्या सुरुवातीचे घरचे सामने पुढे ढकलावे लागले. घरमालकाने पंगत दिली आणि भाडेकरूला स्वयंपाकघर बंद. मग वास्प्स बुडाल्यावर माइक अ‍ॅश्लीच्या फ्रेझर्स ग्रुप या दुकानांच्या साखळीवाल्या कंपनीने स्टेडियम घेतलं आणि डिसेंबरात क्लबच्या हाती जागा सोडण्याची नोटीस आली. तोडगा निघाला, पण तो महिना आम्ही कसा काढला ते विचारू नका. जानेवारी २०२३ मध्ये डग किंग यांनी क्लब विकत घेतला, आणि अडीच वर्षांनी स्टेडियमही. त्यांचे आभार मानायला माझी ना नाही. मीही त्या दिवशी पेढे वाटले, ऑफिसात इंग्रज सहकाऱ्यांना 'मिल्क फज' म्हणून.

पण विषय संपला? काकांचं वाक्य इथे लागू पडतं. हायफिल्ड रोड क्लबच्याच मालकीचं होतं, म्हणून तर ते विकता आलं. नव्या स्टेडियमचा निम्मा वाटाही आपलाच होता, म्हणून तर तो विकता आला. वास्प्सचीही किल्ली त्यांच्याच कमरेला होती, म्हणून तर ती गहाण टाकता आली. आपल्या क्लबच्या गोष्टीत घर परक्याने हिसकावलेलं नाही. अडचणीच्या वेळी घरच्याच माणसाने विकलेलं आहे, आणि प्रत्येक वेळी सही करताना सगळे हेच म्हणत होते की क्लबच्या भल्यासाठी.

आजचा मालक भला आहे असं धरून चालू. मीही धरतो. पण वाड्यातल्या वडिलांची सवय आहे, कागद बघितल्याशिवाय झोप लागत नाही. म्हणून मला तुमच्याकडून भांडण नको, चार प्रश्न हवेत. भाडेपट्टा कुणाच्या नावावर आहे, क्लबच्या कंपनीच्या की दुसऱ्या कुठल्या? त्यावर कर्जाचा बोजा चढवला आहे का, उद्या चढवता येतो का? क्लब विकला तर स्टेडियम बरोबर जाणार की वेगळं? आणि वर्षाच्या शेवटी क्लब स्टेडियमला काही भाडं 'दाखवणार' असेल, तर ते किती? मालकांवर संशय म्हणून नव्हे. जावयाला घर दाखवतानासुद्धा आपण सातबारा काढतोच की.

या प्रश्नांना आता कायद्याचा थोडा टेकू आहे. २०२५ च्या जुलैत इथे फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. त्याच्या परवानगीशिवाय क्लबला घरचं मैदान विकता किंवा गहाण टाकता येणार नाही, दुसरीकडे बस्तान हलवता येणार नाही, आणि चाहत्यांशी सल्लामसलत करणं बंधनकारक आहे. हा कायदा कुणी देवळात नवस बोलून आला नाही. आपल्यासारख्या क्लबांच्या टेकाडावर उभ्या राहिलेल्या लोकांच्या पायातल्या चिखलातून आला. पण नियामकापुढे बोलणार कोण? सल्लामसलतीची बैठक मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला असते. त्या वेळी आपण कुठे असतो? प्रशिक्षक लॅम्पार्डने डावीकडे कुणाला खेळवावं यावर तासभर बोलतो, आणि जाणते समजले जातो.

चाहत्यांचा ट्रस्ट आहे. वर्षाची वर्गणी आपल्या एका वीकेंडच्या समोशांएवढीही नाही. आपल्या ओळखीतली शंभरेक मराठी घरं सामन्यांना जातात, माझ्या अंदाजाने. त्यातली ट्रस्टची सभासद किती, ते मी मोजलं. हाताची बोटं पुरली, आणि अंगठा उरला. त्यात हिशेब वाचणारे कितीतरी आहेत आपल्यात. तिघं सीए, दोघी बँकेत, एक वहिनी तर कंपन्यांचं ऑडिटच करतात. इंग्रज सभासदांना आजवर हे सगळं एका निवृत्त पोस्टमास्तरच्या वहीवर चालवावं लागलंय.

पुण्याच्या मंडळींना वेगळं सांगायला नको. बालेवाडीला एफसी पुणे सिटी खेळायचा, ऑरेंज आर्मीची पोरं ढोल घेऊन जायची. पैशाचं गणित बिघडलं आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या जागी हैदराबादचा क्लब उभा राहिला. चाहत्यांना कुणी विचारलं नाही, कारण विचारायची तरतूदच कुठे लिहिलेली नव्हती. इथे ती आता लिहिलेली आहे.

तर, पुढच्या घरच्या शनिवारी, तीनचा सामना असला तर दीड वाजता, जिमी हिलच्या पुतळ्यापाशी मी उभा असेन. गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद छापून आणतो, दहा प्रती. काका येणार आहेत, त्यांनी कबूल केलंय. ऑडिटवाल्या वहिनींनी लाल पेन आणावं. दिवाळीत एकमेकांवर ओरडलेले ते दोघं, तुम्ही एकाच गाडीतून या. आणि येताना एकमेकांशी बोला.

चिवडा उरला असेल तर तोही आणा.

आपला,
कॉव्हेंट्रीतला एक पेठकर